सुनंदाताई, पुढे?

नाशिक रोडला माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई जुनी व्हिडिओ कॅसेट घेऊन दुकानात आल्या. कॅसेट त्यांच्याच लग्नाची होती. "यातून नवरा काढता येईल का हो?" त्यांनी विचारलं. शिंप्याला ब्लाउजची बाही काढायला सांगावी, इतक्या सहज. मी म्हणालो, "काढता येईल, पण मग तुम्ही हार कुणाला घालताय ते कळणार नाही." बाई अशा खो खो हसल्या, की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला. "राहू द्या मग," त्या म्हणाल्या, "याचा आपण सिनेमाच करू." पावती करायला मी नाव विचारलं. "सुनंदा." "पुढे?" घटस्फोटाचा निकाल नुकताच लागला होता. सासरचं आडनाव त्यांनी सोडलं होतं आणि माहेरचं पुन्हा लावायची इच्छा नव्हती. "पुढचं पुढे बघू," त्या म्हणाल्या. माझी आणि सुनंदाताईंची पहिली ओळख ती ही.

त्याच ताई आज साठीच्या उंबरठ्यावर आहेत आणि या गौरवग्रंथात चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे. षष्ट्यब्दी जोडीनं करायची असते, असं एका गुरुजींनी सुचवून पाहिलं. "आहे की जोडी," ताई म्हणाल्या, "मी आणि माझं तोंड!" गुरुजींनी चहा घेतला आणि विषय बदलला.

ताईंची सारी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली. स्नेहसंमेलनाची नाटकं बसवणं एवढाच त्यांचा कलेशी संबंध. तरीही 'आमचंही नाव घ्या' हा विनोदी चित्रपट त्यांनी लिहिला, बसवला आणि त्यातली मुख्य भूमिकाही केली. कॅमेरा माझा होता. त्याला तोवर अक्षता आणि पंगती यांपलीकडचं जग ठाऊक नव्हतं. गोष्ट साधी आहे. घटस्फोट झालेली एक बाई, तिचंही नाव सुनंदाच, ठरवते, की आपण इतकं प्रसिद्ध व्हायचं की नवऱ्याला एकही चौक आपला चेहरा पाहिल्याशिवाय ओलांडता येऊ नये. मग ती स्वतःच्या वाढदिवसाचे फ्लेक्स स्वतःच लावते, बोलावलं नसताना पिठाच्या गिरणीचं उद्घाटन करून येते, देवळाली कॅम्पच्या बाजारात काळा चष्मा लावून हिंडते आणि कुणी ओळखलं नाही की स्वतःच विचारते, "सेल्फी हवा का?" शेवटी तिचा सर्वांत मोठा फ्लेक्स तिला सापडतो तो कांद्याच्या चाळीवर, पावसापासून कांदा झाकायला अंथरलेला.

ताईंचा स्वभाव मला या शूटिंगमध्ये कळला. नवऱ्याचं काम करणारे आमचे नट पहिल्याच दिवशी डोळे वटारून, दात-ओठ खात उभे राहिले. ताईंनी कॅमेरा थांबवला. "हा माणूस वाईट नाहीये हो," त्या म्हणाल्या. "माझा नाही, एवढंच. लोकांनी हसायचं ते माझ्या हौसेला." मी लग्नं पुष्कळ पाहिली आहेत, पण मोडलेल्या संसाराबद्दल इतकं स्वच्छ बोलणारं माणूस तोवर पाहिलं नव्हतं.

आमच्या घरावरही त्यांचे उपकार आहेत. माझी बायको दुकानात सगळं काम करते, पण कॅमेरा दिसला की पदर ओढून पळते. ताईंनी तिला गिरणीवालीची भूमिका दिली. श्रेयनामावलीत मी आपलं सवयीनं 'सौ. आणि श्री.' असं माझ्याच नावाला जोडून लिहिलं होतं. ताईंनी ते खोडून नुसतं 'वनिता' केलं. ते नाव पडद्यावर आलं तेव्हा वनिता रडली, आणि खरं सांगायचं तर मीही रडलो.

पण पडद्यापर्यंत पोहोचणं सोपं नव्हतं. सिनेमा तयार झाला आणि त्याच सुमारास ताईंची लेक मृण्मयी हिचं लग्न नांदगावच्या एका शेतकरी कुटुंबात ठरत आलं. मृण्मयी दुकानात येऊन ताईंना म्हणाली, "आई, तू तिथे पडद्यावर घटस्फोटाची मजा करणार आणि ते लोक मला नावं ठेवणार. माझं लग्न मोडेल गं." ताईंनी एका शब्दानं वाद घातला नाही. मला म्हणाल्या, "कपाटात ठेवून द्या. सिनेमा थांबला तर चालेल, लेक थांबायला नको." मी कुरकुरतच कपाटाला कुलूप लावलं. ताईंनी मात्र त्या दिवशी वनिताला लोणच्याची कृती सांगितली आणि घरी गेल्या.

पुढे निखिलनं, म्हणजे होणाऱ्या जावईबापूंनीच, ही गोष्ट आपल्या आईच्या कानावर घातली. त्या माउलीचा निरोप आला, "सिनेमा घेऊन या. बघितल्याबिगर बोलणी नाय." आम्ही नांदगावला गेलो. टीव्हीसमोर सगळं घर बसलं. मृण्मयी दाराशी उभी होती, नखं खात. कांद्याची चाळ आली आणि विहीणबाई मांडीवर थाप मारून हसल्या. मग शेवटचा प्रसंग आला. हळदीकुंकवाला बायका नायिकेला नाव घ्यायचा आग्रह करतात आणि मग एकदम सगळ्यांना आठवतं, की हिला घ्यायला नाव राहिलेलं नाही. नायिका उठते आणि उखाणा घेते:

"द्राक्षाच्या वेलीला मांडवाचा आधार,
सुनंदाचं नाव घेते, माझी मीच जबाबदार!"

टीव्ही बंद झाला. ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. विहीणबाई म्हणाल्या, "लय भारी केलं हाय. आमच्यात जन्मभर दुसऱ्याचंच नाव घेत्यात. झाकून कशापायी ठेवलंय? लावा की गावात!" आणि मग मृण्मयीकडे वळून, "पोरी, अशी आई हाय तुझी, अन् तू लाजतीस व्हय?"

लग्नाआधीच चित्रपट नांदगावात दाखवला गेला आणि मग नाशिकमध्येही. लग्नाचं शूटिंग अर्थातच मी केलं. गृहप्रवेशाला विहीणबाईंनी ताईंनाही आग्रहानं नेलं होतं. तिथे नव्या सुनेला नाव घ्यायला सांगितलं. मृण्मयी आईकडे बघत म्हणाली:

"आईनं शिकवलं, नाव घ्यावं बिनधास्त,
निखिलची मी बायको, सुनंदाची लेक त्याहून जास्त!"

माझा कॅमेरा हलला. ते दृश्य थरथरतं आलं आहे, पण ताईंनी मला ते सुधारू दिलं नाही.

ताईंनी प्रसिद्धीची थट्टा केली आणि त्यातूनच त्यांचं नाव झालं. आता उद्घाटनांना खरोखरीची बोलावणी येतात, आणि त्या जातात ते बहुधा पिठाच्या गिरण्यांना. ईश्वर त्यांना उदंड, निरोगी आयुष्य देवो, गुडघे कुरकुरले तरी जीभ अशीच चालती राहो. या ग्रंथाच्या मुखपृष्ठासाठी छापखान्यातून परवा फोन आला होता. "नाव सुनंदा. पुढे?" मी फोन ताईंकडे दिला. त्या म्हणाल्या, "पुढे जागा मोकळी ठेवा. अजून पुष्कळ व्हायचंय."