पहिल्या किकची गाडी

जानेवारीत पनवेलला थंडी पडते असं सांगितलं की पुण्याची माणसं हसतात. पण पहाटे नेऱ्याच्या रस्त्यावर समोरचं दिसणार नाही इतकं धुकं असतं, आणि त्या गारठ्यात आमच्या पार्किंगमधली बाबांची जुनी मोटरसायकल सुरू करायची तर घाम फुटायचा. लोखंडी इंजिनाची जड गाडी. बटण नाही, किकच मारायची.

बाबा करंज्याच्या बंदरावर बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. निवृत्त होईपर्यंत ते रोज याच गाडीवर पनवेलहून ये-जा करत. घरात बोलणं बेताचंच. माझ्याशी तर त्याहून कमी. दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी किक मारायला मनाई केली. गाडी आता माझ्याकडे येणार हे मी गृहीतच धरलं होतं. एकुलता एक मुलगा मी, दुसरं कोण होतं?

पहिल्या थंड सकाळी बाबा खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि मी किक मारू लागलो. मारत राहिलो. पेट्रोलचा वास सुटला, प्लग ओला झाला, आणि शेवटी किक उलटी येऊन माझ्या नडगीवर बसली. मी पाय धरून खाली बसलो. बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी माझ्या स्कूटरचं बटण दाबलं आणि ऑफिसला गेलो.

माझी बायको नेऱ्याच्या शाळेत शिकवते. सकाळी त्या बाजूला रिक्षा मिळायची मारामार. एक दिवस ती बाबांचा चहा घेऊन खाली गेली आणि सहज म्हणाली, "मामंजी, मी बघू का सुरू करून?"

मी गॅलरीत दात घासत होतो. बाबा नाही म्हणतील याची मला खात्री होती. ते म्हणाले, "बघ. पण घाई करू नको."

नंतरचा अर्धा तास मी वरून बघत राहिलो. थंडीत आतलं तेल घट्ट झालेलं असतं, म्हणून आधी चावी न लावता दोन किक मारून इंजिन मोकळं करायचं. मग चोक ओढायचा, चावी लावायची. किक पायानं हळू खाली न्यायची आणि बॅटरीच्या मीटरचा काटा मधोमध आला की थांबायचं. इंजिनातला दाब सोडणारी हँडलची छोटी लिव्हर दाबून किक अजून जराशी सरकवायची, वर येऊ द्यायची, आणि मग सगळं वजन टाकून एकदाच. "मारायची नाय, दाबायची," बाबा सांगत होते. गाडी काही त्या दिवशी सुरू झाली नाही. चौथ्या दिवशी मात्र पहिल्या किकला झाली. तो घुमणारा आवाज सगळ्या इमारतीनं ऐकला. बाबांनी टाळी वाजवली. माझ्या दहावीच्या निकालालासुद्धा त्यांनी टाळी वाजवलेली मला आठवत नाही.

मग त्या दोघांचं रोजचंच सुरू झालं. ती साडीऐवजी सलवार-कमीज घालून लवकर खाली उतरायची आणि त्याच गाडीवर शाळेत जायची. रविवारी दोघं गाडी उघडून बसायची. पॉलिश पेपरनं प्लग घासायचा, कार्ब्युरेटरमधला कचरा काढायचा, चेनला तेल द्यायचं, इंजिन ऑइल काळं पडलं का ते बोटावर घेऊन बघायचं. जेवताना ती म्हणायची, "बाबा, चेन जरा सैल वाटते का हो?"

बाबा! मामंजीचे बाबा कधी झाले ते मला कळलंही नव्हतं.

"भाजीत मीठ जास्त झालंय," मी म्हणालो. झालं नव्हतं.

आपल्याच बायकोचा मत्सर करायचा, तोही सासऱ्याशी तिचं जमतं म्हणून. हे सांगायचं तरी कोणाला? मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस. मी हसायचो. आणि सकाळी पांघरुणात पडल्या पडल्या आज तरी गाडी सुरू होऊ नये अशी इच्छा करायचो. ती व्हायचीच.

एका रात्री ती सहज म्हणाली, "तुझ्या जन्माच्या वेळी गाडी पळस्प्याजवळ बंद पडली होती ना?"

"कोण म्हणालं?"

"बाबा. प्लग ओला झाला होता. त्यांनी टपरीवाल्याच्या स्टोव्हवर प्लग गरम केला आणि तसेच दवाखान्यात पोचले. हात इतके काळे, की नर्सनं तुला हातात घेऊच दिलं नाही. आधी धुऊन या म्हणाली. तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हतं. माझ्या जन्माची गोष्ट त्यांनी तिला सांगितली होती. त्या रात्री मी तिच्याशी बोललो नाही, आणि काय चुकलं ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाबा एकटेच खाली गाडी पुसत होते. मी जाऊन सरळ विचारलं, "मला का नाही शिकवलंत?"

त्यांनी फडकं झटकलं. "शिकवलं की. कॉलेजात होतास तवा. सगळा हिवाळा."

"मग मला का नाही जमलं?"

"तू मीटरकडं बगतच नव्हतास. माझ्या तोंडाकडं बगायचास. मी रागावतो का, तेच बगायचास." पुन्हा टाकी पुसत ते म्हणाले, "मग मीच सोडून दिलं. उगाच तुला भ्याव कशाला."

खरं होतं ते.

पुढच्या रविवारी मी बायकोला म्हणालो, "मला शिकव." ती हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. आम्ही गाडी ढकलत शेजारच्या गल्लीत नेली, बाबांच्या नजरेआड. ती मागे उभी राहिली आणि मी फक्त काट्याकडे बघितलं. बऱ्याच किक वाया गेल्या. मग एकदाची गाडी धडधडली, आणि मी नेऱ्यापर्यंत जाऊन आलो. थंडीनं कान बधिर झाले होते, पण परत फिरावंसं वाटत नव्हतं.

घरी आलो तर बाबा टेबलाशी बसलेले. माझ्याकडे न बघता ते तिला म्हणाले, "चोक लय उशिरा बंद केला यानं. आवाजावरनं कळलं."

मी चावी टेबलावर ठेवून त्यांच्या समोर बसलो.

ती म्हणाली, "त्यालाच सांगा ना, बाबा. समोर तर बसलाय."

बाबा माझ्याकडे वळले. "चोक जरा लवकर सोडायचा."

"म्हणजे कधी?" मी विचारलं.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. करंज्याला जाताना खाडीवरचा वारा लागला की इंजिन कसं गार पडायचं आणि चोक किती ओढायचा हे ते कानावरून कसं ठरवायचे, ते सांगू लागले. हातानं दाखवत होते, मध्येच तोंडानं इंजिनाचा आवाज काढत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना इतकं बोलताना समोर बसून ऐकत होतो.

बायको चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. "हे मला नव्हतं हो सांगितलंत," ती म्हणाली. हसतच म्हणाली, पण तो सूर माझ्या चांगला ओळखीचा होता; भाजीतल्या मिठाबद्दल बोलताना माझा तोच होता.

मी उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. ती लगेच बसली नाही.