पंधरा ते वीस नंबरच्या नळ्या

हे लिहू की नको, यात माझी दोन वर्षं गेली. इथले बाकीचे अनुभव मी वाचते, पण खरं सांगायचं तर टाइमपास म्हणून. कुणाला पायरीवर कोणी दिसलं, कुणाला हाक ऐकू आली... वाचायचं, हसायचं आणि कामाला लागायचं. माझं कामच असं आहे की ज्याचा आकडा येत नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. गंमत अशी, की माझ्याकडे जे आहे ते आकड्यांतच आहे. म्हणूनच ते मला झटकता येत नाही.

मी यवतमाळला एका कॉलेजच्या लॅबमध्ये पीएचडी करते. विषय सोपा करून सांगते. आपल्या पोटात स्वादुपिंड असतं, पॅन्क्रियाज. त्यात पेशींचे बारीक बारीक पुंजके असतात, त्यांना आयलेट्स म्हणतात, म्हणजे बेटं. रक्तातली साखर वाढली की ही बेटं इन्सुलिन सोडतात आणि साखर उतरली की सोडणं थांबवतात. त्यांना कोण सांगतं, कशानं ती जास्त सोडतात, कशानं कमी... साखर, कॅल्शियम, तापमान, जांभळाच्या बियांचा अर्क... हे मी तपासते. पांढऱ्या उंदरांच्या स्वादुपिंडातून ती बेटं वेगळी काढायची, छोट्या कुप्यांत ठेवायची, त्यांच्यावरून साखरेचं पाणी पंपानं संथ वाहतं ठेवायचं आणि पलीकडून येणारं पाणी दर पाच मिनिटांनी नव्या नळीत धरायचं. एका प्रयोगात तीस नळ्या भरतात. कोणत्या नळीत किती इन्सुलिन आलं, ते दुसऱ्या टेस्टमध्ये मोजायचं. झालं.

हा विषय मी का घेतला, याचं उत्तर घरी आहे. माझी धाकटी बहीण मनू. दारव्ह्यापासून सात-आठ किलोमीटरवर आमचं गाव. मनू नऊ वर्षांची असताना अचानक वाळायला लागली, तांबेच्या तांबे पाणी प्यायची. दारव्ह्याच्या डॉक्टरांनी यवतमाळला पाठवलं, तिथं कळलं की तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. तिची बेटं संपली होती. जन्मभर इंजेक्शन. आईचा हात थरथरायचा, बाबा तर बाहेर निघून जायचे, म्हणून इंजेक्शन द्यायला मी शिकले. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. घरी फ्रीज नव्हता. इन्सुलिनची बाटली एका मडक्यात आणि ते मडकं ओल्या वाळूत. सकाळी मी तिच्या दंडाला चिमटीत धरायची आणि ती डोळे मिटून पाढे म्हणायची. सातचा पाढा संपेपर्यंत सुई बाहेर आलेली असायची.

आता मनू मोठी झाली आहे. स्वतःचं इंजेक्शन स्वतः घेते, घरीच शिवणकाम करते, तिच्या हातचं पोलकं शिवून घ्यायला दारव्ह्याहून बायका येतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवशी — कापूस वेचणीचे दिवस होते — आई-बाबा दोघंही शेतात होते. इकडे मी यवतमाळला सकाळपासून प्रयोगाला भिडलेली. दोन उंदरांची बेटं चार कुप्यांत भरली होती. दोन कुप्यांत नुसतं साखरेचं पाणी, दोन कुप्यांत अर्कही. दुपारी दीड वाजता पहिली नळी लावली. पहिला अर्धा तास साखर कमी ठेवायची, मग वाढवायची. दोन वाजता मी वाढवली. आता चार वाजेपर्यंत फक्त नळ्या बदलायच्या आणि दर वेळी पाण्याचं तापमान वहीत लिहायचं. फोन ड्रॉवरमध्ये होता. नळी बदलताना कोणाचा फोन आला की घोटाळा होतो, म्हणून माझा तसा नियमच होता.

इतरांच्या अनुभवात नेहमी असतं ना — छातीत धस्स झालं, कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटलं. मला काही म्हणजे काही वाटलं नाही. मी मधेमधे डब्यातली भाकर खाल्ली, एक पेपर वाचला, खिडकीतून कॉलेजच्या आवारातला कडुलिंब बघितला.

चार वाजता नळ्या फ्रीजरला टाकल्या आणि ड्रॉवर उघडला. घरच्या नंबरवरून पाच मिस्ड कॉल. पहिला तीन वाजून सोळा मिनिटांनी.

मी लावला, तर उचलला मनूनंच. आवाज जड होता. म्हणाली, "ताई, घाबरू नको. मी आहो."

मग फोन शमीमचाचीनं घेतला. चाचीचं घर आमच्या भिंतीला लागून. तिनं जे सांगितलं ते असं, की मनूनं जेवायच्या आधीचं इंजेक्शन घेतलं आणि तेवढ्यात एक बाई आली, तिला लग्नाला जायचं होतं, पोलक्याची बाही उसवून द्यायची होती. मनू "पाचच मिनिटं" म्हणून मशीनवर बसली. ताट झाकलेलंच राहिलं. शमीमचाची आपला शिवायला दिलेला कुर्ता न्यायला म्हणून आली, तर मनू ओट्याजवळ पडलेली, अंग घामानं चिंब, दातखीळ बसलेली. साखरेचा डबा हातभर अंतरावर. चाचीला मी कधीतरी सांगून ठेवलं होतं की अशा वेळी तोंडात पाणी ओतायचं नाही, साखर हिरड्यांना चोळायची. ती माऊली मांडी घालून बसली, मनूचं डोकं मांडीवर घेतलं आणि ओल्या बोटानं साखर चोळत राहिली. थोड्या वेळानं मनूनं डोळे उघडले. चाची म्हणाली, "मले वाटलं गेली पोरगी. माहे तर हात चालून राह्यलते, बाकी मले काहीच सुधरत नव्हतं."

मी तशीच दारव्ह्याची बस पकडली, तिथून जीपनं गाव. दोन दिवस घरी राहिले. मनूला काही वाटू नये म्हणून सगळे हसून बोलत होतो, आणि आई तिच्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढत होती.

परत आल्यावर नळ्यांची टेस्ट लावली. या टेस्टमध्ये जितकं इन्सुलिन जास्त, तितका पिवळा रंग गडद होतो. सुरुवातीच्या नळ्या फिक्या, मग साखर वाढवल्यावर पिवळ्या, शेवटपर्यंत पिवळ्या — असं दिसायला हवं होतं. दिसलंही. फक्त मधेच सहा नळ्या फिक्या पडलेल्या. पंधरा ते वीस. एकवीसपासून पुन्हा पिवळा. आणि हे एका कुपीत नाही... चारही कुप्यांत.

तेव्हाही माझ्या डोक्यात मनू आली नाही. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. आमच्या गाइड मॅडम फार कडक. त्यांनी मला एकेक गोष्ट तपासायला लावली. पंप थांबला असेल? पण मग त्या नळ्यांत पाणी कमी भरलं असतं. सगळ्या नळ्या सारख्या भरलेल्या होत्या. लाइट गेली, पाणी थंड झालं? वहीत दर पाच मिनिटांचं तापमान माझ्याच अक्षरात होतं, सदतीस. साखरेचं पाणी द्यायचं राहिलं? त्या सहा नळ्यांतली साखर मोजली, भरपूर होती. बेटं मेली? मेली असती तर परत इन्सुलिन कसं सोडलं असतं? उरलेल्या पाण्याची टेस्ट पुन्हा लावली. तेच आलं.

मॅडम म्हणाल्या, प्रत्येक नळीसमोर घड्याळाची वेळ लिही, कदाचित काही आठवेल. मी लिहायला बसले. पंधरावी नळी, दोन चाळीस. सोळावी, दोन पंचेचाळीस. विसाव्या नळीची वेळ लिहिली, ती संपते तीन दहाला... आणि पेन तिथंच थांबलं.

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन मनूला फोन लावला. शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं की त्या दिवशी पडायच्या आधी शुगर तपासली होतीस का? म्हणाली, हो, कसंतरी व्हायला लागलं म्हणून बोटाला टोचून बघितलं होतं. तिच्या मशीनमध्ये मागच्या नोंदी वेळेसकट राहतात. तिनं वाचून दाखवलं. दोन अडतीस. शुगर बेचाळीस. मी म्हटलं, आता मशीनमधलं घड्याळ किती दाखवतं ते सांग. ते माझ्या फोनपेक्षा चार मिनिटं मागं होतं. म्हणजे खरी वेळ दोन बेचाळीस. त्यानंतर उठून ती साखरेच्या डब्याकडे गेली आणि पडली. तिनं डोळे उघडल्यावर चाचीनं आधी तिला साखरेचं पाणी पाजलं, आईला शेतातून बोलावणं धाडलं आणि मग मला फोन लावला. तो तीन सोळाचा.

धडधाकट माणसाची साखर अशी उतरली की त्याची बेटं काय करतात, हे मी वरच सांगितलं. थांबतात. मनूकडे थांबायला बेटंच नव्हती. आणि त्याच अर्ध्या तासात, चाळीसेक किलोमीटरवर, भरपूर साखरेत बसलेल्या उंदरांच्या बेटांनी काही कारण नसताना सोडणं थांबवलं होतं.

मी मॅडमना सांगितलं. त्या हसतील किंवा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी कागद स्वतःकडे ओढून सगळ्या वेळा पुन्हा एकदा तपासल्या. मग म्हणाल्या, "हे थिसिसमध्ये येणार नाही, वैशाली. एकदाच घडलेल्या गोष्टीला आपण काही म्हणू शकत नाही." मी मान डोलावली. मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी विचारलं, "बहिणीची शुगर आता कशी आहे?"

तो प्रयोग मी पुढे तसाच अनेकदा केला. तशा फिक्या नळ्या परत कधीच आल्या नाहीत.

मनूला सांगावं की नाही, हे ठरवायला मला संक्रांत उजाडली. ती मशीनवर बसली होती, मी खाली बसून पोलक्याला काजं करत होते. सगळं सांगितलं. वाटलं होतं घाबरेल, नाहीतर थट्टा करेल. तिनं मशीन थांबवलं आणि वेगळंच विचारलं.

"थे उंदीर मेले असतीन न गं?"

मी हो म्हटलं. आधी मारावेच लागतात, तेव्हाच बेटं काढता येतात.

तिनं सुईखालचं कापड बाहेर काढून त्याची घडी घातली. मग म्हणाली, "आपुन त्यायले मारलं... अन थे माह्यासाठी थांबले."

मी तिला समजावायला लागले, की असं काही म्हणता येत नाही, योगायोग असू शकतो, मशीनमध्ये काही बिघाड असू शकतो जो आम्हाला सापडला नाही. ती ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, "तुले कळलं नाही तं त्याचं वाईट वाटू देऊ नको ताई. तू काम करून राह्यलती." मला रडू आलं. कारण दोन महिने मला जे टोचत होतं ते तेच होतं, आणि ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. माझ्यासमोर त्या नळ्या भरत होत्या आणि मी भाकर खात होते.

इतकंच आहे. पेशींना शंभर गोष्टी कळतात, पण कोणती गोष्ट चाळीस किलोमीटरवरून आणि तीही दुसऱ्याच जीवाची कळते, हे कोणत्याच पुस्तकात नाही. फोन मात्र आता ड्रॉवरमध्ये नसतो.

एक सवय लागली आहे, तेवढी कबूल करते. कधी एखाद्या नळीचा रंग जरासा जरी कमी आला — बहुतेक वेळा कारण साधं असतं, हवेचा बुडबुडा अडकलेला असतो — तरी मी आधी पंप बघायला जात नाही. आधी घरी फोन लावते. ती नळी कालची, परवाची असते, फोन करून काही उपयोग नाही, हे मला माहीत असतं. पलीकडून मशीनचा आवाज येतो आणि मनू म्हणते, "जेवली मी, जेवली. तू तुहं काम पाह्य."

मग मी पंप बघायला जाते.