देवासाठी मांडलेला पाट

आधीच सांगून टाकतो, म्हणजे खाली वाद नको. मी देव मानत नाही. भूत मानत नाही, नवस मानत नाही, मुहूर्तही मानत नाही... माझं लग्न ज्या दिवशी हॉल रिकामा मिळाला त्या दिवशी झालं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका सूतगिरणीत क्वालिटी कंट्रोलला आहे. आलेल्या प्रत्येक मालावर संशय घेणं हेच माझं काम आणि त्याचाच मला पगार मिळतो. त्यामुळे या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर चहासोबत, मजा म्हणून वाचत आलो. आज स्वतःच लिहायला बसलोय, तर हसायची पाळी तुमची.

आमचं घर यवतमाळला, आर्णी रोडच्या बाजूच्या एका जुन्या ले-आऊटमध्ये. बाबा कोर्टात दिवाणी वकील होते आणि पक्के नास्तिक. आई तितकीच पक्की भाविक. दर मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी, ती सात दिवस पोथीचं पारायण करायची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो — पारायणाला बसताना वाचणाऱ्याच्या शेजारी एक पाट मांडून रिकामा ठेवतात. त्यावर कुणी बसायचं नाही. देव स्वतः ऐकायला येतात, त्यांची ती जागा.

आई आत वाचायची आणि बाबा बाहेरच्या खोलीत पेपर चाळत उलटतपासणी घ्यायचे. कोरड्या विहिरीला पाणी लागल्याचं आलं की बाहेरून आवाज यायचा, "पंचनामा झाला का त्या विहिरीचा? साक्षीदार कोण?" आई बोट ओवीवर ठेवून आतूनच उत्तर द्यायची, "तुमचं कोर्ट अकराले उघडते. तोवर गप बसा!" लहानपणापासून मी हेच ऐकत आलो. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी पारायण असंच दोघांत चालतं.

दीड वर्षापूर्वी बाबा गेले. त्यांनी आधीच बजावलं होतं — दिवस घालायचे नाहीत आणि हार घातलेला फोटो भिंतीवर टांगायचा नाही. आम्ही दोन्ही पाळलं. आईनेही पाळलं. त्या वर्षी तिने पारायण केलं नाही. तिच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार वाढत चालला होता, समोरचं मधलं हळूहळू दिसेनासं होऊ लागलं होतं. मी समजलो, अक्षर दिसत नाही म्हणून बंद केलं असेल.

गेल्या मार्गशीर्षात ती एकदम म्हणाली, "तू वाचून दाखवशीन का मले? पूर्ण. न गाळता."

"आई, मोबाईलवर लावून देतो ना. चांगल्या आवाजात आहे."

"मोबाईल कोणासाठी वाचते? त्याले काय माहीत समोर कोण बसलं हाये?"

सकाळची शिफ्ट बदलून घेतली आणि बसलो. आई तिच्या आरामखुर्चीत, मी खाली आसनावर, आणि माझ्या डाव्या हाताला तो रिकामा पाट. पहिले दोन दिवस मीही बाबांचाच मुलगा असल्याचं दाखवून दिलं. मध्येच थांबून "हे कसं शक्य आहे आई?" म्हणायचो. ती डोळे मिटून गालातल्या गालात हसायची. पोथीपेक्षा माझे ते प्रश्नच ऐकायला बसली आहे की काय, अशी शंका यायची.

त्याच आठवड्यात आईला दिवसभर सांभाळणारी बाई गावी निघून गेली. तिच्या जागी शेवंता आली. घाटंजीकडच्या एका तांड्यावरची, बंजारा समाजाची, चाळिशीची, कामाला चटपटीत. तिला औषधं कुठली, बाथरूममध्ये आईला धरायचं कसं, सगळं समजावलं. पारायणाचं आणि पाटाचं काही सांगायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीतच असतं, असं आम्ही धरून चालतो.

शेवंता आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वाचताना एक अध्याय आला. ओव्या इथे देत नाही. आशय एवढाच, की जो या पोथीची निंदा करतो, चेष्टा करतो, त्याला मेल्यावर काय काय भोगावं लागतं. चांगलं दोन पानभर, तपशीलवार. मी वाचता वाचता थांबलो. पान उलटलं आणि पुढच्या अध्यायापासून सुरुवात केली.

"मागं जा," आई म्हणाली.

"आई, राहू दे ना..."

"मागं जा म्हनलं न." मग वेगळ्याच आवाजात, "हे गेले त्या वर्षी मी वाचाले बसली होती रे. डोळे होते तेव्हा बऱ्यापैकी. हितपर्यंत आली अन् पोथी बांधून ठेवली. मले पुढं वाचवेना. पोथी खरी असंल तं मंग तुझे बाबा कुठी असतीन? अन् ते बरे असतीन, तं मंग पोथी खोटी. मी काय मनात धरू सांग. दोन्ही माझेच होत न."

मंडळी, मी देव मानत नाही, पण त्या क्षणी मला ती पोथी उचलून भिंतीवर फेकावीशी वाटली. वर्षभर ही बाई हे एकटी गिळत होती आणि मी तिच्या डोळ्यांचे ड्रॉप्स आणून देत होतो. "आई, हे कुणीतरी माणसाने लिहिलंय गं," एवढंच मला सुचलं. ती म्हणाली, "मले ठाऊक हाये कोणं लिहिलं. तू वाच. आज संपवून टाक तो अध्याय. मी ऐकतो न. असं भिऊन किती दिवस काढू?"

मग वाचलं. मान खाली घालून, भरभर, कुठेही न थांबता, शब्द एकात एक अडकत होते तरी. मध्येच शेवंता चहाचा ट्रे घेऊन आली, ट्रेचा आवाज झाला, ती वाकली, गेली... इतकं जाणवलं. पोथी चालू असताना चहा देत नाहीत, पण तिला ओरडायलाही मी थांबलो नाही. अध्याय संपला. आरती झाली. आई खुर्चीत हात जोडून बसलेली.

तेवढ्यात शेवंता स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "भाऊ, ते बाबा गेले का? चहा तं पेलेच नाई."

"कोण बाबा?"

"हितं बसलते ते. पाटावर."

मी डावीकडे बघितलं. पाटासमोर फरशीवर चहाचा कप होता, आणि त्या कपावर बशी पालथी घातलेली होती.

इथे मला थोडं थांबावं लागतं. बाबा चहा आला की आधी बशी उचलून कपावर पालथी घालायचे. बोलणं संपलं की प्यायचे, मग तो कितीही थंड होवो. पक्षकाराचं ऐकत असतील तर ऐकणं संपल्यावर. आमच्या घरात दुसरं कुणी असं करत नाही. दीड वर्षात असा झाकलेला कप मी बघितला नव्हता.

"ही बशी तू झाकलीस?" मी विचारलं.

"नाई जी. मी असाच ठेवला. आमच्या तांड्यात आलेल्या मानसाले बिना चहाचं बसू देत नाई. कोन हाये, कायले आला, हे बी विचारत नाई. तुम्ही वाचून राह्यलते, मले वाटलं, ऐकाले आले असतीन कोनी."

मी काही बोलण्याआधीच आई खुर्चीत ताठ झाली. "शेवंता, इकडं ये. बस. कसे होते ते सांग मले."

आणि मग वकिलाची बायको कशी असते ते मी बघितलं. ती काही सुचवत नव्हती. "असे होते का, तसे होते का" अजिबात नाही. नुसतं, "अजून?" आणि, "अजून काय पाह्यलं?" शेवंता आठवून आठवून सांगत होती. बारीक होते. पांढरा सदरा. चष्मा डोळ्यावर नाही, वर कपाळावर चढवलेला. एक पाय मुडपलेला, एक गुडघा उभा आणि त्यावर कोपर. "अन् भाऊ वाचत होते न, तं ते सारखे हसून राह्यलते. आवाज नाई, नुसतं पोट हाले. मले वाटलं, पोथीत काई गंमत चालू हाये."

आईने तोंडावर पदर धरला. रडतेय असं वाटून मी उठलो, तर ती हसत होती. हसता हसताच मग रडली. "नरकाचं ऐकून हसले," ती म्हणाली. "हेच ते. दुसरं कोनी नाई. अन् बसले कुठी तं देवाच्या पाटावर... इतके वर्स म्या देवासाठी जागा ठेवली रे. देवानं यांले बसू देल्लं न."

क्वालिटी कंट्रोलवाला म्हणून मी जे तपासायचं ते सगळं तपासलं. समोरचं ग्रिल वानरांच्या त्रासामुळे आम्ही दिवसाही आतून कडी लावून ठेवतो. कडी लागलेलीच होती. मागचं दार स्वयंपाकघरातून, तिथे शेवंता. बायको सकाळीच कामावर गेलेली. बाबांचा फोटो घरात बाहेर कुठेच नाही, अल्बम माझ्या बायकोच्या कपाटात कुलपात. शेवंताने शेजारीपाजारी ऐकलं असेल म्हणावं, तर ती आदल्या दिवशीच कामाला लागलेली. आणि असलं ऐकलं तरी पालथ्या बशीचं कोण कशाला सांगेल? आईला खुर्चीतून खाली वाकता येत नाही. राहिलो मी. तर पोथी दोन्ही हातांत होती. मी बशी झाकली नाही, एवढं मी शपथेवर सांगतो, आता कशाची शपथ घ्यायची ते तुम्ही ठरवा.

नंतर बाबांचा फोटो शेवंताला दाखवला. ती म्हणाली, "हेच तं." पण तोवर तिला आमच्या चेहऱ्यांवरून सगळं समजलं होतं, म्हणून तो पुरावा मीच बाद केला. बाबांनीही केला असता.

पारायण पुरं झालं. आई आता शांत झोपते. एवढं मात्र खरं, आणि ते मी रोज डोळ्यांनी बघतोय. मी होतो तसाच आहे. देव मानत नाही, पोथीतला तो अध्याय तर मुळीच मानत नाही. त्या सकाळचं काही स्पष्टीकरण माझ्याजवळ नाही, आणि कुणाजवळ असेल तर खरंच लिहा, मी वाद घालणार नाही.

फक्त एक गोष्ट लागून राहिली होती, ती मागच्या आठवड्यात आईजवळ बोललो. म्हटलं, "शेवंताने त्यांना कधी पाहिलेलं नाही, तिला दिसले. मी हाताच्या अंतरावर होतो. मला का नाही दिसले गं?"

आई म्हणाली, "तुले कायले दिसतीन? तू वाचून राह्यला होता. ते तुले ऐकाले आलते."

मी मानत नाही, हे परत सांगतो. पण त्या दिवशी तो अध्याय मी फार भरभर वाचला. बाबा बसले आहेत हे माहीत असतं, तर जरा सावकाश वाचला असता.