शपथ आधी, नाव नंतर

नवऱ्याची बँकेतली शेवटची बदली कोलकात्याला झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही बागबाजारातच राहिलो. तिथं राजकारणात मी ओढली गेले ती खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेमुळे. आमच्या नळाला गटाराचा वास येऊ लागला, तेव्हा पाहणीला आलेल्या इंजिनिअरपुढे तिनं त्याच पाण्याचा पेला ठेवला. "आधी प्या, मग बोलू." त्यानं पेल्याला हात लावला नाही, पण पाइप बदलून मिळाला. या बाईलाच वॉर्डाची उमेदवारी मिळावी म्हणून मी जिवाचं रान केलं.

आम्ही दोघी पक्षाच्या वॉर्ड समितीवर होतो. निवडणूक तोंडावर आली तशी बैठक भरली. अध्यक्षांनी टेबलावर झेंडा पसरला.

"यावर हात ठेवून शपथ घ्या. पक्ष देईल त्या उमेदवाराचंच काम करू, अपक्षाला मदत करणार नाही."

"उमेदवार कोण?" मी विचारलं.

"ते शपथेनंतर, बौदी." बौदी म्हणजे वहिनी, इथं सगळे मला तेच म्हणतात.

"मुलगा न दाखवता लग्न लावता होय?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. "तुम्ही बाहेरच्या. शेवटी बर्गी ते बर्गीच!"

बंगाल लुटायला आलेल्या मराठा स्वारांना इथले लोक बर्गी म्हणतात. एरवी ही थट्टा मी हसण्यावारी नेत असे. त्या दिवशी नेली नाही.

"बर्गी चौथाई मागायचे, दादा. मी नुसतं एक नाव मागतेय."

एकेक हात झेंड्यावर जात राहिला. शिक्षिकेनं आपले हात पदरात घेतले. मी खुर्ची मागे सारली आणि आम्ही दोघी बाहेर पडलो. संध्याकाळी नाव कळलं. ज्याच्या बांधकामानं आमचा पाइप फुटला होता, तोच कंत्राटदार!

शिक्षिका अपक्ष उभी राहिली. तिच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. आम्हाला काढून टाकल्याचा पक्षाचा निरोप मोबाइलवर आला.

"आपण भाड्यानं राहतो," नवरा म्हणाला. "घरमालकावर दबाव आला तर?"

"दुसरं घर बघू. पण अहो, तोंड शिवून मी नाही राहणार."

दुसऱ्या दिवशी मी पत्रकं वाटायला निघाले, तर पिशवी त्यानं आधीच खांद्याला लावली होती.

प्रचार सोपा नव्हता. ज्यांच्या घरी विजयादशमीला मिठाई खाल्ली, त्यांनी अर्धं दार उघडून "नंतर या" म्हटलं. पक्षाच्या तालावर चालणाऱ्या गल्लीतल्या क्लबच्या पोरांनी आमची पोस्टर्स फाडली. आम्ही पुन्हा चिकटवली.

आम्ही पडलो. कंत्राटदार निवडून आला आणि आमच्या खिडकीखाली मुद्दाम ढोल वाजले. शिक्षिका रडली. मला रडू आलं नाही, संताप आला. मी खिडकी बंद केली नाही. ढोल थांबेपर्यंत गजांना धरून उभी राहिले.

पुढे अध्यक्षांनी माणूस पाठवला. माफी लिहून दिली तर परत घेऊ, असा निरोप होता. त्याला चहा दिला, माफी दिली नाही.

हल्ली अर्धं दार उघडणाऱ्यांपैकीच एखादी बाई जिन्यात गाठते आणि कुजबुजते, "बौदी, पुढच्या वेळी तुम्हीच उभ्या राहा."

"कुजबुजता कशाला?" मी म्हणते. "खाली गल्लीत चला आणि मोठ्यानं सांगा."