रुग्णकक्षात पेशंट

आमच्या विद्यापीठातल्या मुलींच्या वसतिगृहात तळमजल्यावर, माझ्या दाराला लागून, एक खोली आहे. बांधकामाच्या नकाशावर तिचं नाव रुग्णकक्ष. मी अधीक्षिका म्हणून इथं राहायला आले त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या खोलीत मोडक्या खाटा, स्नेहसंमेलनाचे फ्लेक्स आणि पाय गेलेलं टेबलटेनिसचं टेबल राहतं. आजारी पोरी आपापल्या खोलीत, तीन मैत्रिणींच्या मध्ये, आजारी पडतात.

अकरा वर्षांत ती खोली तीनदा रिकामी झाली. तिन्ही वेळा बाहेरून तपासणीची कमिटी यायची होती. मग गेस्ट हाउसमधून टेंपोनं दोन लोखंडी खाटा येतात, पांढऱ्या चादरी येतात, हिरवा पडदा, एक स्टूल, आरोग्य केंद्राकडून उसनं ब्लड प्रेशरचं मशीन. दारावर पाटी लागते. पाटीला भोकं चार, पण स्क्रू दोनच लावतात, काढायला सोपं जावं म्हणून. कमिटी खोली बघते, समाधान व्यक्त करते. दुसऱ्या दिवशी टेंपो येतो आणि सगळं परत घेऊन जातो.

पहिल्या दोन वेळांना त्या चादरी मीच ताणून घातल्या होत्या. दुसऱ्या वेळी एका पोरीला सडकून ताप होता. कमिटी जाईपर्यंत तिला तिसऱ्या मजल्यावर दार लावून ठेवायला सांगितलं गेलं आणि मी ठेवली. खाली दोन कोऱ्या खाटा रिकाम्या, आणि वर ती दोन गोधड्यांत कुडकुडत. मला कुणी दम दिला नव्हता. सांगितलं, मी केलं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मी फार धीट बाई आहे असा गैरसमज होणार नाही.

तिसरी वेळ परवाच्या ऑगस्टमधली. चंदगडकडची एक पोरगी, एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. बाप काजूच्या कारखान्यात, आई तिथंच काजू सोलायला. पोरीला कावीळ झाली. सरकारी दवाखान्यात पाच दिवस राहिली, आणि डॉक्टरांनी सोडताना सांगितलं की पडून राहायचं, उकळलेलं पाणी, पथ्याचं जेवण, शक्यतो वेगळं संडास-बाथरूम. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, संडास कॉरिडॉरच्या टोकाला, सोळा जणींत मिळून. प्रॅक्टिकल परीक्षा दहा दिवसांवर. ती चुकली तर वर्ष गेलं.

मी बापाला फोन लावला.

"बाईसाब, आत्ता धाडू नकासा तिला," तो म्हणाला. "खाली वड्याला पानी हाय. यष्टी आदल्या गावातनंच माघारी जातीया. आनि परीक्षा हाय न्हवं तिची? दोन वर्सं केलंय पोरीनं. तुमी बघा की कायतरी."

"बघते," म्हटलं, आणि माझाच मला संताप आला. मला ह्याच उत्तरावर वर्षभर टोलवलं होतं. वसतिगृहाच्या टाकीचं झाकण फुटलंय, कबुतरं आत घाण करतात, असं मी तीन वेळा लेखी कळवलं होतं. तिन्ही वेळा 'बघतो'. कमिटी ठरल्यावर एक माणूस शिडी घेऊन आला आणि टाकी स्वच्छ केल्याची तारीख बाहेरून पांढऱ्या रंगात लिहून गेला. आत कुणी उतरलं नाही. झाकण फुटकं ते फुटकंच.

कमिटी यायला दोन दिवस होते. शेजारच्या खोलीत दोन खाटा मांडलेल्या, आतल्या बाजूला संडास, बेसिन. मी पोरीला त्या खोलीत आणली. रुग्णकक्ष होता, रुग्ण होता, मला यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही.

बेसिनचा नळ सोडला तर पाणी नाही. खाली वाकून बघितलं. नळाच्या मागं पाइपच नव्हता. नवा कोरा चकचकीत नळ नुसता भिंतीत घट्ट बसवलेला. मी अर्धं मिनिट तशीच उकिडवी बसले. मग प्लंबरला फोन केला. "उद्या येतो," म्हणाला.

"कमिटीनं नळ सोडून बघितला तर?" मी म्हटलं.

पाऊण तासात पाणी आलं. तिथून मला किल्ली सापडली. डास येतात म्हणून जाळी पाहिजे, असं अकरा वर्षं सांगून जे झालं नाही, ते 'कमिटीला डास चावले तर?' म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत झालं. पाणी उकळायला शेगडी आली. बल्ब बदलला. पोरीला जे जे लागत होतं ते ते मी कमिटीच्या नावानं मागून घेतलं, आणि प्रत्येक वस्तू येताना माझं डोकं जास्तच तापत गेलं. म्हणजे सगळं होत होतं तर! इतकी वर्षं कुणाच्या हातापायाला काय झालं होतं?

आमच्याकडं साफसफाईला एक मावशी आहेत, माझ्याच वयाच्या. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. कमिटीच्या आदल्या दिवशी दुपारी त्या दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, मोठं सायेब आल्यात. तोंड बघून घ्या."

मोठे साहेब म्हणजे मुख्य रेक्टर. एका विभागात प्राध्यापक, सगळ्या वसतिगृहांचा कार्यभार जादाचा. खोलीत आले आणि थांबले.

"हे काय?"

"रुग्णकक्ष."

"ते दिसतंय हो. ही कोण?"

"रुग्ण."

त्यांनी मला बाहेर बोलावलं. "मॅडम, तुम्ही इतक्या अनुभवी. उद्या कमिटी आहे. आपल्याला रुग्णकक्ष दाखवायचाय, पेशंट नाही."

"मग खाटंवर काय मांजर निजवायचं व्हय सायेब?" मावशी झाडू मारता मारता म्हणाल्या.

"तुम्ही गप्प बसा." मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "अहो, ताप असता तर एक वेळ चाललं असतं. कावीळ! कावीळ म्हटलं की ते पाण्याचं विचारणार. मी गाडी देतो, तिला आजच्या आज घरी पोचवा."

"रस्ता बंद आहे. आणि नऊ दिवसांवर प्रॅक्टिकल."

"मग वर तिच्या खोलीत पाठवा. एका दिवसाचा प्रश्न आहे."

एका दिवसाचा प्रश्न. मागच्या वेळी मी हे वाक्य ऐकून मान हलवली होती. ह्या वेळी म्हटलं, "लेखी द्या. कावीळ झालेल्या मुलीला रुग्णकक्षातून हलवून तिसऱ्या मजल्यावर पाठवावं, असं एका ओळीत. खाली सही. लगेच हलवते."

माणूस वाईट नाही, पण सहीचं नाव काढल्यावर विद्यापीठात चांगल्या-वाईट सगळ्या माणसांचं एकच होतं. त्यांनी घड्याळ बघितलं. "निदान पडदा तरी ओढून घ्या," म्हणाले आणि गेले.

पोरगी आतून सगळं ऐकत होती. गादीच्या कडेला उठून बसली होती, पाय चपलेत. "मॅडम, मी जातो की वर. तुमाला उगं तरास."

"तू पाय वर घे," मी म्हटलं. "आणि पुस्तक काढ."

दुसऱ्या दिवशी कमिटी आली. तिघंजण. दोघे पुरुष परप्रांतातले, एक बाई नागपूरकडच्या. त्यांच्यामागं आमचे डझनभर लोक इस्त्रीचे कपडे घालून. सगळी वरात त्या खोलीत शिरली. मुख्य रेक्टर खाटा, जाळी, मशीन दाखवत पुढं सरकत होते, पडद्यापाशी थांबत नव्हते. बाईंनी पडदा बाजूला केला.

पोरगी चादर हनुवटीपर्यंत ओढून पडलेली. बाई तिच्याकडं बघून हसल्या.

"अरे वा, पेशंटसुद्धा ठेवलाय! मागच्या ठिकाणी मुलीच्या तोंडात थर्मामीटर देऊन बसवलं होतं. तुमची झोपलीय, हे जास्त छान जमलंय."

मुख्य रेक्टर हसले. सुटल्यासारखे हसले. ते हसले म्हणून मागचे डझनभर हसले. पोरीचं तोंड एवढंसं झालं आणि ती उठायला लागली. खोटं करताना सापडल्यासारखी, घाईघाईनं चपला शोधत.

त्या बाईंचाही मला राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? गावोगाव कोऱ्या खाटा बघत फिरायचं, तर खरं माणूस ओळखू कसं यावं? राग आला तो त्या हसण्याचा. तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं की पोरगी खरोखर आजारी आहे, आणि ती खोटी ठरली तर बरं, म्हणून सगळे हसत होते.

"झोप तू," मी पोरीला म्हटलं. "आणि बाईंना डोळे दाखव."

तिनं बोटानं खालच्या पापण्या ओढल्या. डोळे शिळ्या कढीसारखे पिवळे. बाईंचं हसू तिथंच थांबलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"आठ," पोरगी म्हणाली.

"इथं पाणी कुठलं पिता?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "टाकीचं. झाकण फुटलंय. मी तीन पत्रं दिलीत, प्रती फाइलला आहेत."

"आणि हा रुग्णकक्ष केव्हापासून चालू आहे?"

"तीन दिवस झाले. त्याआधी अडगळ होती. तुम्ही गेल्यावर परत होईल."

मुख्य रेक्टर मध्ये काहीतरी बोलायला लागले, पण बाईंनी ऐकलं नाही. पत्रांच्या प्रती मागून घेतल्या, घडी घालून पर्समध्ये ठेवल्या. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून "माफ कर हं," म्हणाल्या. त्यांनी अहवालात काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

टाकीचं झाकण चौथ्या दिवशी बसलं. मी घड्याळ लावून बघितलं. वीस मिनिटांचं काम. आणि मला खुलाशाची नोटीस आली, समितीसमोर अनावश्यक माहिती दिल्याबद्दल. मी लिहून दिलं: रुग्णकक्षात रुग्ण होता, प्रश्न विचारला गेला, उत्तर दिलं. त्याला अजून उत्तर नाही. टेंपोही आला नाही. गेस्ट हाउसवाले रोज फोन करायचे, "मॅडम, खाटा?" मी म्हणायचे, "पेशंट आहे," आणि फोन ठेवायचे.

प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी पोरगी उभी राहिली ती भिंत धरून. डोळ्यांतला पिवळा रंग उतरला होता, पण अंगात काही नव्हतं. चार तास ती काय उभी राहणार? विभागात फोन केला, हिला बसायला काहीतरी द्या म्हटलं. तिकडून उत्तर आलं, प्रॅक्टिकल उभ्यानंच करायचं असतं. मी रुग्णकक्षातलं स्टूल उचललं, दुसऱ्या हातात छत्री घेतली आणि पोरीला बरोबर घेऊन चालत विभागात गेले. प्रयोगशाळेतला शिपाई स्टुलाकडं बघून म्हणाला, "हे कशाला आणि?"

"हिला. कुणी काढून घेतलं तर माझं नाव सांगा."

परत आले तर फाटकात टेंपो. दोन माणसं, हातात यादी. खाट दोन, पडदा एक, स्टूल एक. पाटीचा एक स्क्रू काढूनही झाला होता. आणि आज खाट रिकामी होती. मी तशीच भिजलेली आत धावले.

खाटेवर मावशी. चादर हनुवटीपर्यंत, डोळे मिटलेले, चपला खाली जोडीनं ठेवलेल्या.

"मावशी, मगाशी तर फाटकात झाडू मारत हुतासा," टेंपोवाला दारातून म्हणाला.

"मगाशी हुतं. आता न्हाय."

"काय झालंय?"

"कावीळ."

"डोळं दावा बघू."

"तू डाक्टर हायस व्हय रं? पावणं, जरा हळू बोला की, बाईमाणूस आजारी हाय."

तो हसायला लागला. मला हसू आलं नाही. दहा दिवस मी खोट्याच्या नावानं बोंब मारत होते, आणि शेवटी एक खाट राखायला माझ्याच माणसाला खोटं पेशंट व्हावं लागलं. "एक खाट न्या," मी म्हटलं. "पडदा राहू दे."

"आनि स्टूल?"

"परीक्षेला गेलंय."

त्यानं यादीवर काय लिहिलं देव जाणे. दुसरी खाट उचलून गेले.

दुपारी पोरगी परत आली. "झालं मॅडम. सगळं आलं. बसून केलं." स्टूल विभागानं ठेवून घेतलं होतं. आमच्याकडं कमीच आहेत म्हणाले. मग तिनं आत बघितलं. मावशींना खरंच झोप लागली होती, घोरत होत्या. पोरगी दाराला टेकून उभी राहिली आणि एकच खाट उरलेली.

"मावशी, उठा," मी म्हटलं. "पेशंट आला."

त्या गुडघे धरत उठल्या, पोरगी त्याच उबेत आडवी झाली आणि तिला लगेच झोप लागली. मी माझ्या खोलीतून पेचकस आणला. पाटी एका स्क्रूवर लोंबत होती. चारही भोकांत स्क्रू बसवले, आवळले, आणि मग पेचकस उलटासुलटा फिरवून त्यांच्या डोक्यावरच्या खाचा पार खरवडून टाकल्या. आता ते कुणालाही फिरायचे नाहीत. मलाही नाहीत.