खळीतला मोरचूद

गव्याच्या चित्राच्या वरच्या कडेला दोन हिरवट डाग आले होते. मिसेस लिम भिंग घेऊन त्यांच्यावर वाकल्या होत्या. मी शेजारी हात मागे बांधून उभा होतो. टेबलावर अशी सात चित्रं मांडली होती आणि सातही चित्रांवर डाग होते. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं.

"बुरशी असेल," मिसेस लिम म्हणाल्या.

"मिस्टर दत्ता, तुमची खळ तर नाही ना?" मिस चुआनं विचारलं.

मी सिंगापूरच्या एका मोठ्या लायब्ररीत बाइंडर होतो. गोष्ट नव्वदनंतरची, एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, आम्ही राहायचो त्या पासिर रिसपर्यंत नवीनच आली होती तेव्हाची. मिसेस लिम दुर्मिळ पुस्तकांच्या विभागाच्या मुख्य. मिस चुआ कॉन्झर्वेटर, म्हणजे जुना कागद कसा टिकवायचा याचं शिक्षण घेतलेली बाई. ती इंग्लंडला शिकून आली होती. मी चौथीपर्यंत शाळेत गेलो आणि नंतर भायखळ्याच्या एका बाइंडिंगच्या दुकानात उस्तादांच्या हाताखाली बसलो. पुढे बोटीवर लागलो, बोटीवरून इथे उतरलो आणि परत बाइंडिंगलाच आलो. दुसरं काही मला येत नव्हतं, पण हे येत होतं. चांगलं येत होतं.

आता चित्रांचं सांगतो. ती अमेरिकेतली होती. दीडशे वर्षांपूर्वी तिकडे गोऱ्या लोकांची वस्ती जिथे संपायची, त्या सरहद्दीपलीकडची. पिसांचे टोप घातलेले सरदार, नदीतले लाकडाचे तराफे, गवताळ मैदानात केसाळ गव्यांचे कळप. रबराच्या धंद्यातल्या एका म्हाताऱ्यानं मरताना ती लायब्ररीला दिली. चोवीस चित्रं, सगळी शिळाछापाची. म्हणजे सपाट दगडावर चित्र उलटं काढायचं, शाई लावायची आणि वर कागद दाबायचा. रंग मात्र हातानं भरलेले, एकेका प्रतीवर वेगळे. गव्याच्या डोळ्यात रंगवणाऱ्यानं पांढरा ठिपका दिला होता. एवढ्याशा ठिपक्यानं ते जनावर जिवंत झालं होतं.

अशी चित्रं पुठ्ठ्याला थेट चिकटवत नाहीत. पाठीमागे वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या लावतात आणि चित्र त्या पट्ट्यांवर लटकतं. त्यांना हिंज म्हणतात. उद्या काढायची झाली तर थोड्या पाण्यानं सुटली पाहिजेत, म्हणून त्यांना फक्त खळ लावायची, गोंद कधीच नाही. चोवीस चित्रांची अठ्ठेचाळीस हिंज मी एकट्यानं लावली होती. सगळी एका मापाची. वरच्या कोपऱ्यापासून दोन बोटं आत.

आणि खळ माझी होती. मैदा, पाणी, मंद आच आणि शेवटी चिमूटभर मोरचूद. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, द्राक्षाच्या बागेवर फवारतात त्यातले. तांब्याचं विष असतं ते. खळीला किडे लागत नाहीत, झुरळं पुस्तकाला तोंड लावत नाहीत. मुंबईत आमच्याकडचा प्रत्येक बाइंडर घालायचा. सिंगापूरची हवा जास्त दमट, म्हणून मी दोन चिमटी घालायचो.

मिस चुआनं आल्या आल्या मला गव्हाच्या स्टार्चची एक पिशवी आणून दिली होती. "फक्त हे आणि पाणी. दुसरं काहीच नको," असं बजावलं होतं. मी पिशवी फळीवर ठेवली. ती जन्मायच्या आधीपासून मी खळ शिजवत होतो.

तेव्हा त्या दिवशी तिनं विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

"माझी खळ तीस वर्षांची आहे," मी म्हणालो. "हवेकडे बघा. मागे सलग दोन दिवस एसी बंद पडला होता, तेव्हा कुठे होते सगळे?"

ते खरंही होतं. दोन महिन्यांपूर्वी सुट्टीच्या दिवसांत चित्रं ठेवलेल्या खोलीचा एसी बंद पडला होता. डाग पडलेली सातही चित्रं भिंतीलगतच्या सगळ्यात खालच्या खणातली, जिथे ओल जास्त धरते. मिसेस लिमनी रजिस्टर मागवलं. खोलीतली ओल दिवसातून तीनदा मोजून त्यात लिहायची असते. रविवारचे तिन्ही रकाने कोरे होते. रविवारी ड्युटीवर रहीम होता.

रहीम मलाय. एसी आणि ओल शोषणाऱ्या मशीन बघायचा. वय पंचेचाळीस, माणूस कामाचा. इथल्या सगळ्यांसारखा बोलताना वाक्याच्या शेवटी 'ला' जोडायचा. त्या रविवारी मेहुणीचं लग्न होतं म्हणून तो सकाळीच निसटला होता. त्याचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपणार होतं. मिसेस लिमनी रिपोर्ट लिहायला घेतला. तो शुक्रवारी डायरेक्टरकडे जायचा होता. तो गेला की कॉन्ट्रॅक्ट परत मिळणार नाही, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

रहीम माझ्या वर्कशॉपमध्ये आला. बसला नाही.

"अंकल, तू सांगितलंस एसीमुळे झालं?"

"मी म्हणालो हवेकडे बघा."

"हवा म्हणजे कोण? हवा म्हणजे मीच ला."

"तू रविवारी गेलास ते खोटं आहे का?"

"खरं आहे. त्यासाठी शिव्या घाल, मी खाईन. पण चित्रं मी खराब केली?"

मी प्रेसचा स्क्रू आवळत राहिलो. तो निघून गेला.

तो गेल्यावर मी चित्रं पुन्हा बघायला गेलो. मिसेस लिम आणि मिस चुआ रंग बघत होत्या. मी जागा बघितली. सात चित्रं, चौदा डाग. प्रत्येक डाग कोपऱ्यापासून दोन बोटं आत, नेमका माझ्या हिंजच्या जागी. बुरशी काही पट्टी घेऊन मोजत येत नाही.

घरी आल्यावर मी त्याच जपानी कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. एक माझ्या खळीनं जुन्या कागदाच्या तुकड्यावर लावली, दुसरी मिस चुआच्या स्टार्चनं. दोन्ही स्टीलच्या डब्यात ठेवल्या, तळाशी ओलं फडकं घातलं, झाकण लावलं आणि डबा खिडकीत उन्हात ठेवला.

"अहो, हा डबा पोह्यांचा आहे," माझी बायको मालती म्हणाली.

"पाच दिवस पोहे करू नकोस."

"काय आहे त्यात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, रहीमचंही. मुलगी टेबलावर होमवर्क करत होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, जस्ट टेल देम ला."

"आधी खात्री करायची असते," मी म्हणालो. "उगाच कसं जाऊन बोलायचं?"

"खात्री कशाची?" मालती म्हणाली. "खळीत ते घालायला दुसरं कोण आलं होतं?"

गुरुवारी सकाळी डबा उघडला. स्टार्चच्या पट्टीचा कागद जसाच्या तसा. माझ्या पट्टीच्या कडेनं हिरवट झाक बाहेर सरकली होती. ओल लागली की मोरचूद विरघळतो आणि कागदातून पुढे जातो. दुप्पट घातला की जास्त जातो. एसी बंद पडला नसता तर डाग पडायला आणखी काही वर्षं लागली असती, पण डाग पडले असते नक्की.

दोन्ही तुकडे पाकिटात घालून मी मिसेस लिमच्या केबिनमध्ये गेलो. मिस चुआ तिथेच होती. मी पाकीट टेबलावर रिकामं केलं.

"डावीकडचा माझ्या खळीचा. मी त्यात मोरचूद घालतो. कॉपर सल्फेट."

मिस चुआनं डोळे मिटले.

"तुम्हाला स्टार्च दिला होता," मिसेस लिम म्हणाल्या.

"दिला होता."

"मग का नाही वापरला?"

"मला माझी खळ जास्त चांगली वाटली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "किती चित्रांना लावली आहे?"

"चोवीस."

"आणि पुस्तकं?"

याचा विचार मी केला नव्हता. त्या लायब्ररीत मला तेरा वर्षं झाली होती.

"यादी करावी लागेल," मी म्हणालो.

"करा," त्या म्हणाल्या आणि रिपोर्टची पानं माझ्यासमोर फाडली.

मिस चुआनं आणि मी अठ्ठेचाळीस हिंज काढली. म्हणजे तिनं काढली आणि मी ओला टीपकागद हातात देत राहिलो. ती एका शब्दानं टोचून बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. डाग फिके झाले, गेले नाहीत. सहा चित्रांवर खिडकी कापलेला पुठ्ठा बसवला, त्याखाली डाग झाकले. गव्याच्या चित्रात रंग अगदी कडेपर्यंत होता. ते झाकता आलं नाही. प्रदर्शन तेवीस चित्रांचं झालं.

मला पत्र मिळालं. एक वर्ष दुर्मिळ विभागात पाय ठेवायचा नाही. ते वर्ष मी मासिकांचे गठ्ठे बांधले आणि उरलेल्या वेळात यादी केली. रहीमला रविवारच्या रकान्यांबद्दल मेमो मिळाला आणि कॉन्ट्रॅक्टही मिळालं.

त्यानंतर एकदा कँटीनमध्ये तो समोर येऊन बसला. मला वाटलं, आभार मानेल.

"तुला कधी कळलं, अंकल?"

"गुरुवारी. डबा उघडला तेव्हा."

"आणि मी वर्कशॉपमध्ये आलो होतो, तेव्हा?"

मी चहा ढवळत राहिलो.

"पाच दिवस," तो म्हणाला. "पाच दिवस मी बायकोला सांगत होतो की काहीतरी होईल." मग त्यानं आपला कप उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेला. पुढे आम्ही बोलायला लागलो, पण त्याला वर्ष गेलं.

बाइंडिंग शिकायला येणाऱ्यांना मी मोरचुदाचं सांगतो. खळीत मैदा किंवा स्टार्च आणि पाणी, बाकी काही नाही. ते त्यांना लगेच पटतं. दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. डबा उन्हात ठेवायची मला काही गरज नव्हती. त्या केबिनमध्ये काय बोलायचं आहे, हे चौदा डाग बघितले त्याच दिवशी मला ठाऊक होतं. प्रयोग मी माझ्यासाठी केला आणि त्याचे पाच दिवस रहीमचे घेतले.