मधल्या फाट्यावर उतरलो तेव्हा

जुलैतला दुसरा सोमवार. धनजच्या थांब्यावर आम्ही तिघं होतो: मी, दहावीतली माझी मुलगी आणि आम्हाला सोडायला आलेली तिची आई. मुलीजवळ एसटीचा पास होता. माझ्या खिशात चारशे रुपये.

डिसेंबरनंतर ती बसमध्ये एकटी बसली नव्हती. डिसेंबरात कारंजाला शाळेत जाताना बस रस्ता सोडून नालीत कलंडली. कुणी दगावलं नाही. हिच्या कोपराला खरचटलं, पण बराच वेळ ती बाकाखाली अडकून होती. तेव्हापासून बसचा हॉर्न ऐकला तरी ती रस्त्यापासून लांब सरकायची. जमेल तेव्हा मी मोटरसायकलवर सोडायचो, बाकी दिवस ती घरीच. हजेरी अशीच राहिली तर बोर्डाला बसता येणार नाही, असं शाळेनं कळवलं होतं.

शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी मग पायऱ्या ठरवून दिल्या. आधी नुसतं थांब्यावर जाऊन यायचं, नंतर उभ्या बसमध्ये चढून उतरायचं, नंतर माझ्यासोबत कारंजापर्यंत. एवढं झालं होतं. आज मी मधल्या फाट्यावर उतरायचं आणि तिनं एकटीनं पुढं जायचं.

"तिचा हात धरू नका," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुम्ही धरता तेव्हा तिला वाटतं, खरंच काहीतरी होणार आहे."

बसमध्ये मी तिच्या दोन बाकं मागं बसलो. शिकवल्याप्रमाणं तिनं तळपाय खाली दाबले, श्वास हळू सोडला आणि बाहेर दिसेल ते पुटपुटू लागली. "खांब. कपाशी. बकऱ्या." मीही करून पाहिलं. मला दिसलं ते असं: चाक, नाली, काच.

सवयीनं मी तिकीट कारंजाचं काढलं होतं, पंचेचाळीस रुपयांचं. फाट्यावर उठलो तसा कंडक्टर ओरडला, "काका, पैसे कारंजाचे देले अन् इथंच उतरून राह्यले? सासुरवाडी हाय काय इथं?"

सगळे हसले. मुलगी हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, उतरा तुमी," ती म्हणाली.

उतरलो. बस वळणाआड गेली आणि डोक्यात सुरू झालं. ब्रेक लागले नाहीत तर? तिला चक्कर आली तर? फोन शाळेत नेऊ देत नाहीत, म्हणजे विचारायचं कुणाला? मी रिकाम्या ऑटोला हात केला.

"त्या एसटीच्या मागं घे. माही पोरगी हाय तिच्यात."

"पयून गेली काय?"

"शाळेत जाऊन राह्यली! तू चाल ना बे."

"मंग मागं कायले जाता?" तो म्हणाला. मी मागच्या सीटवर चढून बसलो. "तीनशे पडतीन."

मेथीच्या जुडीलाही घासाघीस करणारा मी, तेवढ्यालाच हो म्हणालो. प्रत्येक वळणावर वाकून नालीत पाहत होतो.

कारंजाच्या स्टँडवर बस रिकामी उभी होती. कंडक्टर चहा पीत होता.

"पोरगी?" एवढंच मला विचारता आलं.

"गेली ना शाळेत. परतीची गाडी कितीले हाय म्हणून इचारत होती."

संध्याकाळपर्यंत तिथंच थांबावं असं फार वाटलं. पण मला पाहून ती काय समजली असती, ते कळत होतं.

ऑटोवाल्याला तीनशे दिले. मग त्याच बसमध्ये चढलो आणि कंडक्टरला पंचेचाळीस दिले, धनजच्या एका तिकिटाचे.